फडेप्पा चौगुलेंचं अँटवर्प, अविनाश साबळेचं पॅरिस

४ ऑगस्ट २०२४, रविवार : अँटवर्प

पॅरिसचं ऑलिंपिक ऐन रंगात आलेलं असताना मी ब्रसेल्सला उतरले आणि तिथून रेल्वेनं अँटवर्प गाठलं. कारण १९२०. भारताचा पहिला संघ ऑलिंपिकला उतरला तो या गावात. सहा जणांचा संघ. मॅरेथॉनला बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार, कुस्तीला कुमार नवले आणि रणधीर शिंदे. शिंदे तर चौथे आले, पदक हातातोंडाशी येऊन गेलं. पुण्यात आज पहाटे बूट बांधून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांना ही नावं ठाऊक नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण हा संघ निघाला तोच मुळी पुण्यातल्या एका क्लबातून.

डेक्कन जिमखाना १९०६ चा. दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष झाले, आणि जिमखान्याच्या शर्यतींत त्यांना शेतकऱ्यांच्या घरची तरणी पोरं अनवाणी पळताना दिसली. त्यांची वेळ पाहून दोराबजींच्या लक्षात आलं की ही पोरं युरोपातल्या पळणाऱ्यांच्या फार मागं नाहीत. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड तिथं आले होते. त्यांच्याकडं त्यांनी विषय काढला, यांना अँटवर्पला पाठवू या. मग परवानगी आली, निवड झाली, पैसा उभा राहिला, त्यात दोराबजींनी स्वतःचेही घातले. जहाजानं मंडळी आधी इंग्लंडला गेली, तिथं सराव केला आणि मग इथं आली. ही सगळी धावपळ सुरू झाली ती मैदानाच्या कडेला उभ्या राहिलेल्या एका माणसानं नीट पाहिलं म्हणून. माझ्या मते क्लबाचं पहिलं काम हेच. बाकी टी-शर्ट, मेडल, फोटो सगळं त्याच्यानंतर.

स्टेशनवर भाचा घ्यायला आला होता. तो इथं बंदरातल्या एका कंपनीत काम करतो. अँटवर्पचं स्टेशन १९०५ चं, वर प्रचंड घुमट, आणि गाड्या एकाखाली एक अशा मजल्यांवर लागतात. बाहेर पडल्या पडल्या हिऱ्यांच्या गल्ल्या लागतात, आणि तिथं पहिल्या पाच मिनिटांत गुजराती कानावर आलं.

"मावशी, सगळे पॅरिसला स्पर्धा बघायला जातायत आणि तू फुटबॉलचं ग्राउंड बघायला आलीस?" भाचा म्हणाला.

"फुटबॉलचं आत्ता झालंय रे. आधी ते आपलं होतं," मी म्हटलं.

रात्री जेवताना त्याच्या मुलीचा विषय निघाला. ती नऊ वर्षांची, गावातल्या ॲथलेटिक्स क्लबात जाते. इथं सहा-सात वर्षांची झाली की मुलं क्लबात नाव घालतात. वर्षाची वर्गणी भरायची, आठवड्यातून एक-दोनदा मैदानावर जायचं. पळणं, उड्या, गोळा, सगळं थोडं थोडं. पण मला खरं नवल वाटलं ते भाच्याचं. हा मुलगा शाळेत कधी मैदानावर दिसला नाही. आता क्लबाच्या स्पर्धेच्या दिवशी त्याची ड्यूटी लांब उडीच्या खड्ड्यावर असते. उडी झाली की टाचेची खूण शोधायची, टेप धरायची, आकडा ओरडून सांगायचा आणि पुढचं पोर यायच्या आत रेती दाताळ्यानं सपाट करायची.

"पाऊस असला तरी?"

"पाऊस असला तरी. पालकांनी ड्यूटी केली नाही तर स्पर्धाच होत नाही, मावशी. पंच आणायचे कुठून?"

पुण्याच्या वेताळ टेकडीवर आमच्या पळणाऱ्यांच्या क्लबातल्या माणसांनी पाऊस आला म्हणून कधी घरी बसणं पसंत केलं नाही, पण तो पाऊस आम्ही स्वतःसाठी झेलला. दुसऱ्याच्या पोरासाठी रेती सारवत पावसात उभं राहणं वेगळं. झोपेपर्यंत तेच डोक्यात होतं.

५ ऑगस्ट, सोमवार : कील

पहाटे एकटीच पळायला निघाले. जुन्या गावातून शेल्ड नदीच्या धक्क्यावर आले आणि तिथून सिंट-आना बोगद्यात उतरले. हा पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा बोगदा, १९३३ चा, नदीच्या पोटातून ५७२ मीटर जातो. खाली उतरायला लाकडी सरकते जिने आहेत, अजून चालू, आणि त्यांचा खडखडाट वरपर्यंत येतो. आत पांढऱ्या फरश्यांची सरळसोट नळी. ना चढ ना वळण, ना ऊन ना वारा. पळणाऱ्याला अशी जागा दिसली की तो वेळ लावणारच. मी जाऊन-येऊन वेग वाढवला. कामाला निघालेला एक सायकलवाला घंटी वाजवून, अंगठा दाखवून गेला.

नाश्त्यानंतर भाच्याबरोबर ट्रामनं कीलला. हा शहराच्या दक्षिणेचा कामगारवस्तीचा भाग. रस्त्यांची नावं वाचूनच पाय थबकतात: सातव्या ऑलिंपियाडचा रस्ता, आणि मैदान ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव आतलेतनस्ट्रात, म्हणजे खेळाडूंचा रस्ता. शंभर वर्षांत गावानं ती नावं पुसली नाहीत.

मैदान आता बेर्सखोट या फुटबॉल क्लबाचं आहे, सगळीकडं त्यांचा जांभळा रंग. सामना नव्हता. कोपऱ्यातलं एक दार उघडं होतं आणि आत गवतावर काम चाललं होतं. भाच्यानं डच भाषेत विचारलं, बाई भारतातून आल्यात, यांच्या गावचा माणूस १९२० ला इथं पळाला होता. काम करणाऱ्या गृहस्थांनी हातातला पाइप खाली ठेवला आणि आम्हाला कठड्यापर्यंत यायला सांगितलं.

ट्रॅक राहिलेला नाही. स्टँड थेट गवताच्या कडेला येऊन भिडलेत. जिथं राखेचा ट्रॅक वळत असेल तिथं आता कॉर्नरचं निशाण. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि २२ ऑगस्ट १९२० मनात मांडून पाहिला. महायुद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. युद्धात बेल्जियमनं जे सोसलं त्याची दखल म्हणून ऑलिंपिक अँटवर्पला दिलं होतं. पाच कड्यांचा झेंडा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा फडकला तो या मैदानावर, खेळाडूची शपथ पहिल्यांदा घेतली गेली ती इथं. आणि इथूनच ते मॅरेथॉन सुटलं, ४२.७५ किलोमीटरचं. ४२.१९५ हा आकडा पुढच्या वर्षी कायमचा ठरला, त्यामुळं चौगुलेंच्या वाट्याला वरचे ५५५ मीटर आले. ऑलिंपिकमधलं आजवरचं सगळ्यांत लांब मॅरेथॉन ते हेच.

फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन जिंकला, २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंद. एस्तोनियाचा युरी लोसमन अवघ्या तेरा सेकंदांनी मागं. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद.

आता हा आकडा पळणाऱ्या माणसानं सोडवून बघावा. किलोमीटरला चार मिनिटांहून किंचित कमी, आणि हे जवळजवळ त्रेचाळीस किलोमीटर. आज आमच्या क्लबात कार्बनच्या तळव्याचे बूट आहेत, दर पाच किलोमीटरला तोंडात पिळायचं ताकदीचं जेल आहे, मनगटावर घड्याळ आहे, आणि तरी तीन तासांच्या आत येणारा माणूस आला की आम्ही त्याला खांद्यावर घेतो. चौगुलेंच्या पायाखाली परदेशातला रस्ता, भोवती न कळणारी भाषा, आणि शर्यतीचा अनुभव म्हणाल तर नावापुरता. मला हा आकडा पदकाइतकाच मोठा वाटतो. तो आमच्या क्लबाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावावा अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे, आणि भिंत नसली तर निदान टी-शर्टच्या पाठीवर.

त्या गृहस्थांशी भाच्याचं बोलणं लांबत गेलं. बेर्सखोटची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. क्लब १८९९ चा, एके काळी बेल्जियमचा विजेता. २०१३ मध्ये दिवाळं वाजलं. तेव्हा चाहत्यांनी शेजारच्या विल्रेइकच्या छोट्या क्लबाबरोबर हात मिळवले आणि पार खालच्या प्रांतिक विभागापासून पुन्हा सुरुवात केली. एकेक पायरी चढत २०२० मध्ये पहिल्या विभागात, मग घसरगुंडी, आणि या वर्षी पुन्हा वर. खालच्या विभागात खेळत असतानाही लोक या मैदानावर येत राहिले. ते गृहस्थ हे सांगताना दोनदा "आम्ही" म्हणाले, भाच्यानं मला मुद्दाम सांगितलं. पगारी माणूस असेल किंवा हौशी, मी विचारलं नाही. क्लब म्हणजे कार्यालय नव्हे, मैदानही नव्हे. क्लब म्हणजे दिवाळं निघाल्यावरही सोमवारी सकाळी येऊन गवताला पाणी घालणारी माणसं.

संध्याकाळी भाच्याच्या घरी टीव्हीपुढं बसलो. स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या तीन हजार मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी, प्रत्येक गटातले पहिले पाच अंतिम फेरीत जाणार. अविनाश साबळे दुसऱ्या गटात. तो पाचवा आला, ८ मिनिटं १५.४३ सेकंद. या प्रकारात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत जाणारा पहिला भारतीय पुरुष. पुण्यात तेव्हा रात्रीचे अकरा वाजत आले होते. पहाटे चारला उठणारी आमची माणसं जागी होती. फोन थरथरून टेबलावरून सरकत चालला होता. बुधवारचं माझं तिकीट आधीच काढलेलं होतं, तो अंतिम फेरीत जाणार या भरवशावर.

६ ऑगस्ट, मंगळवार : पॅरिस

अँटवर्पहून पॅरिस रेल्वेनं दोन तासांचं. सामान खोलीवर टाकलं आणि आधी गेले ती शार्लेतीला. तेराव्या विभागातलं हे स्टेडियम, पॅरिस युनिव्हर्सिटी क्लबाचं घर. बाहेरूनच पाहिलं. तरी यायचंच होतं, कारण स्टीपलचेसवर जीव असलेल्याला ही जागा चुकवता येत नाही. इथिओपियाच्या लमेचा गिर्मानं ९ जून २०२३ ला इथं ७ मिनिटं ५२.११ सेकंदांचा विश्वविक्रम केला. आणि अगदी महिन्याभरापूर्वी, ७ जुलैला, अविनाशनं इथंच ८ मिनिटं ९.९१ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. शर्यतीत तो सहावा होता. सहावा येऊन देशाचा विक्रम, यावरूनच कळतं की या प्रकारात जग कुठं पळतंय.

स्टीपलचेस हा प्रकार मला इतर कुठल्याही शर्यतीपेक्षा जवळचा वाटतो. तीन हजार मीटर, अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. पुरुषांसाठी अडथळा ९१.४ सेंटीमीटर उंच आणि जाड लाकडाचा. हर्डलसारखा तो पाय लागला म्हणून पडत नाही, माणूस पडतो. दमलेल्या पायांनी प्रत्येक वेळी अंतर मोजत यायचं. आपल्या महाराष्ट्रानं हा प्रकार आपलासा केलाय. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला अंतिम फेरीत दहावी आली, पी. टी. उषांच्या १९८४ नंतर ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय बाई. आणि आता बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश.

शार्लेतीच्या जवळच मोंसुरी बाग आहे, चढउतारांची. तिथं पळून घेतलं. ऑगस्टमध्ये इथले बरेच क्लब सुट्टीवर असतात, तरी बागेत एका क्लबाचे सहा-सात जण भेटले, माझ्याच वयाचे. इंग्रजीची जुळवाजुळव करत बोललो. त्यांचा क्लब म्हणजे १९०१ च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था. फ्रान्समधले बहुतेक क्लब असेच, आणि पळायला नगरपालिकेचा ट्रॅक. मी हनुमान टेकडीचे फोटो दाखवले. त्यातल्या एका बाईंनी लाँग रननंतरच्या पोह्यांच्या पातेल्याचा फोटो मोठा करून पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. उद्या कोणासाठी ओरडणार, असंही विचारलं. साबळे नाव त्यांना उच्चारायला शिकवूनच सोडलं.

७ ऑगस्ट, बुधवार : सँ-दनी

सकाळ वाईट उगवली. विनेश फोगटला अंतिम लढतीच्या दिवशी वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं म्हणून अपात्र ठरवल्याची बातमी आली. ज्या मुलीनं आदल्या दिवशी तीन कुस्त्या मारल्या, तिची अंतिम कुस्तीच नाही. खोलीवर बसवेना. बाहेर पडले तर मेट्रोत दोन पंजाबी मुलं शेजारी येऊन बसली, त्यांच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. त्याच सकाळी नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे उंच उडीत २.१५ मीटरवर थांबला. पात्रता फेरीतच संपलं. मक्याच्या भुश्यानं भरलेल्या पोत्यांवर उड्या मारत शिकलेला हा मुलगा ऑलिंपिकच्या गादीवर पडला, त्याचा मला अभिमानच आहे.

संध्याकाळी आर.ई.आर. या उपनगरी गाडीनं स्टेडियमला. डब्यात मोरोक्कोचे लाल झेंडेच झेंडे. पुलावरून चालत गेलं की स्टाद द फ्रान्सचं छत एकदम समोर येतं. आत शिरल्यावर जांभळा ट्रॅक, सत्तर हजारांवर माणसं, आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलायला कानाशी तोंड न्यावं लागतं. माझी जागा वळणाच्या बाजूला बरीच वर होती. आधी चारशे मीटरची अंतिम फेरी झाली. अमेरिकेचा क्विन्सी हॉल शेवटच्या शंभर मीटरमध्ये मागून येत येत ४३.४० सेकंदांत जिंकला. तेव्हाच माझा घसा बसायला लागला होता.

पावणेदहाच्या सुमाराला स्टीपलचेसवाले रांगेत उभे राहिले. पडद्यावर अविनाशचा चेहरा आला. नमस्कार केला त्यानं. मी उभीच राहिले. मागं बसलेल्या कुटुंबानं मला बसायला सांगितलं नाही, त्यांचे मी आभार मानते.

बार झाला आणि पहिल्या फेरीत अविनाश सगळ्यांच्या पुढं. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, गिर्मा आणि एल बक्कालीच्या पुढं, मांडव्याचा मुलगा. तो पुढं फार वेळ राहणार नाही हे पळणाऱ्या कुणालाही कळत होतं, त्यालाही. मग इथिओपियाची मुलं पुढं आली आणि त्यांनी वेग ताणला. घोळका लांबला. दर फेरीला पाण्याची उडी आली की वरून आधी पाणी उडताना दिसायचं. अविनाश मधल्या घोळक्यात, मग मागच्या घोळक्यात. प्रत्येक फेरीला तो आमच्या वळणावर आला की मी "आवि, सोडू नको" एवढंच ओरडत होते. शेवटच्या फेरीला अमेरिकेचा केनेथ रूक्स कुठूनसा मागून सगळ्यांना ओलांडत पुढं गेला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. पलीकडच्या सरळ भागात गिर्मा अडथळ्याला अडकला आणि पडला. उठला नाही. शार्लेतीचा विश्वविक्रम करणारा माणूस स्ट्रेचरवरून गेला. मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली ८ मिनिटं ६.०५ सेकंदांत जिंकला, रूक्स दुसरा, केनियाचा अब्राहम किबिवोट तिसरा.

अविनाश अकरावा. ८ मिनिटं १४.१८ सेकंद. विजेत्याच्या मागं आठ सेकंद, म्हणजे ट्रॅकवर सुमारे पन्नास मीटर.

लोक विजेत्याकडं पाहत होते, मी रेषेपलीकडं गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहिलेल्या अविनाशकडं. घरून शाळा सहा किलोमीटर, रोज जाऊन-येऊन. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. (अँटवर्पचा कोलेमाइनेनही गवंडीच होता, विटा रचणारा.) बारावीनंतर हा मुलगा महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला, सिक्कीमला राहिला. २०१५ मध्ये लष्कराच्या क्रॉसकंट्रीत तो पळू लागला आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसला आणलं. म्हणजे त्याचं पळणं जाणत्या डोळ्यांनी पाहिलं गेलं तेव्हा तो विशी ओलांडून गेला होता. लष्करानं पाहिलं म्हणून बरं. पण दहा-बारा वर्षांचा असताना तो रोज त्या रस्त्यानं पळत होता, आणि आष्टी काही परमुलखात नाही, पुण्याहून सकाळी निघून रात्री परत येता येईल एवढ्यावर आहे. १९१९ च्या आसपास खेड्यातली पोरं पुण्याच्या मैदानावर येत होती, आणि ती पाहायला माणसं होती. आज पुण्यात पळणाऱ्यांचे क्लब गल्लोगल्ली आहेत, चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना त्यांनी नवं आयुष्य दिलंय, मलाही दिलंय. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात दवाखान्यात रात्री बसायला पाळ्या लावून आली ती क्लबातलीच माणसं, हे ऋण मी विसरणार नाही. पण या एवढ्या क्लबांपैकी किती जणांच्या हातात स्टॉपवॉच दुसऱ्याच्या पोरासाठी असतं?

मला कुणी पाहिलं नसतं तर मीही पळाले नसते. कॉलेजात जिमखान्याच्या सरांनी मला कबड्डीच्या रांगेतून बाजूला काढलं आणि आठशे मीटरला उभं केलं. विद्यापीठाच्या पुढं मी गेले नाही. पण पन्नाशी उलटल्यावरही पहाटे पाय आपोआप बाहेर पडतात ते त्या सरांमुळं.

पुण्यात रात्रीचा सव्वा वाजून गेला होता. क्लबातली वीसेक मंडळी एकाच्या हॉलमध्ये जमून शर्यत पाहत होती. सेक्रेटरींचा फोन आला. गोंगाटात ऐकू येईना, म्हणून मी जिन्याच्या आडोशाला गेले.

"ताई, अकरावा आला हो आपला पोरगा."

"आला ना. अकरावा जगात," मी म्हटलं, आणि मग दोघांनाही बोलवेना.

८ ऑगस्ट, गुरुवार : कोलोंब

दुपारी कोलोंबला हॉकीचं ब्राँझपदक. हे मैदान १९२४ च्या ऑलिंपिकचं मुख्य स्टेडियम. फिनलंडच्या पावो नुर्मीनं १५०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदकं एकाच दुपारी जिंकली ती इथं. त्या वेळचा जुना स्टँड राखून ठेवलाय. भारतानं स्पेनला २-१ नं हरवलं, दोन्ही गोल हरमनप्रीतचे, आणि श्रीजेश गोलपोस्टच्या आडव्या दांड्यावर जाऊन बसला. शेवटची मिनिटं मी डोळे उघडे ठेवून पाहिली एवढं सांगते. रात्री नीरज चोप्राचं रौप्य एका चौकातल्या मोठ्या पडद्यावर पाहिलं. ८९.४५ मीटर. पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं ९२.९७ फेकला तेव्हा चौकातल्या सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या, मीही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

पाय दुखत होते, लांब गेले नाही. सोरबॉनच्या दारापर्यंत चालत गेले. जून १८९४ मध्ये इथं भरलेल्या परिषदेत कूबर्तांनी ऑलिंपिक पुन्हा सुरू करायचं ठरवून घेतलं. त्यांच्या पाठीशी होती ती फ्रान्समधल्या क्लबांची संघटना, आणि ती उभी केली होती रेसिंग क्लब आणि स्टाद फ्रान्से या पॅरिसच्या दोन क्लबांनी. म्हणजे तिथंही मुळाशी शाळा-कॉलेजातली पळणारी पोरं आणि त्यांची वर्गणीच.

१० ऑगस्ट, शनिवार : सेनच्या काठावर

सकाळी आठला पुरुषांचं मॅरेथॉन सुटलं, नगरभवनापासून व्हर्सायपर्यंत जाऊन परत इन्व्हालिदला. १७८९ मध्ये पॅरिसच्या बायका भाकरीसाठी व्हर्सायवर चालून गेल्या होत्या, त्याची आठवण म्हणून हा मार्ग. रस्त्याच्या कडेनं फुकट पाहता येतं, म्हणून आयफेल टॉवरच्या जवळ नदीकाठी जागा धरली. इथं ते चाळीस किलोमीटर पार करून येणार होते. मध्ये साडेतेरा टक्क्यांचा चढ आहे; सिंहगडाचा घाट रोज चढणाऱ्यालाही तो अठ्ठाविसाव्या किलोमीटरनंतर जड जाईल.

इथिओपियाचा तमिरात टोला एकटाच आला. पावलांचा आवाज ऐकू यावा एवढ्या जवळून गेला. खांदे सैल, हनुवटी किंचित खाली, श्वास तोंडानं. २ तास ६ मिनिटं २६ सेकंद, ऑलिंपिक विक्रम. त्याच्या मागून एकेक, दोन-दोन येत राहिले. मी मोजत होते. एकोणिसावा माणूस समोरून गेला तेव्हा टाळ्या वाजवल्या. कोणत्या देशाचा होता ते दिसलं नाही. या शर्यतीत भारताचा एकही धावपटू नव्हता. १९२० मध्ये दोन होते.

रात्री याच रस्त्यावर सर्वसामान्यांचं मॅरेथॉन होतं. वीस हजारांवर लोक मॅरेथॉनला, तेवढेच दहा किलोमीटरला, ऑलिंपिकच्या दिवशी, ऑलिंपिकच्या मार्गावर. माझा नंबर लागला नव्हता. पण मोंसुरी बागेत भेटलेल्या त्या बाई दहा किलोमीटरला होत्या. त्यांना शोधून काढलं आणि ओरडले. त्यांनी मला ओळखलं, आणि पळता पळता "साबळे!" म्हणून हात वर केला.

खोलीवर येऊन क्लबाच्या कमिटीला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात रविवार उजाडायचा होता, मंडळी लाँग रनला निघायच्या तयारीत. माझं म्हणणं मांडलं: यंदा वर्धापनदिनाला आपली दहा किलोमीटरची शर्यत घेऊ नये. त्या दिवशी शाळेतल्या मुलामुलींची ट्रॅकवरची स्पर्धा घ्यायची. मुळशी, वेल्हे, दौंड, जमलं तर आष्टीपर्यंतच्या शाळांना पत्र द्यायचं. शंभर, आठशे, पंधराशे, लांब उडी. एसटीचं भाडं आणि जेवण आपल्याकडं. बूट नसतील तर अनवाणी पळतील. आणि आपण सगळ्यांनी ड्यूटी करायची.

बरीच चर्चा झाली. एकानं विचारलं, मेंबरांना मेडल नाही तर ते येतील का? दुसऱ्यानं विचारलं, आष्टीची मुलं आदल्या रात्री राहणार कुठं? सेक्रेटरी म्हणाले, ट्रॅक रविवारी मिळणं कठीण, शनिवारी मिळेल. मग शनिवार ठरला. मुलांना दोन-दोन करून मेंबरांच्या घरी ठेवायचं, हे आमच्या सगळ्यांत जुन्या मेंबर काकूंनी सुचवलं आणि चार नावं स्वतःच्या घरासाठी लिहून टाकली.

"स्टॉपवॉच किती आहेत आपल्याकडं?" मी विचारलं.

"तीन. एक बंद आहे."

"मग पाच घ्या. प्रत्येक पोराची वेळ लिहिली गेली पाहिजे, शेवटून पहिल्या आलेल्याचीसुद्धा. आणि लांब उडीचा खड्डा माझ्याकडं राहू द्या."